निकालीच्या रकान्यात

जानेवारी म्हणजे आमच्याकडे वार्षिक तक्ता. मी वऱ्हाडातल्या एका बाल न्याय मंडळात लिपिक आहे. (पोरांची प्रकरणं कौटुंबिक न्यायालयात चालतात, असं शिकलेली माणसंही समजतात. तिथे घटस्फोट आणि मुलांचा ताबा. चोरी-मारामारीतली पोरं आमच्याकडे.) शिल्लक अधिक दाखल वजा निकाली, एवढंच गणित, पण ते सहसा जुळत नाही. विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरताना चार पोरं सापडली तर प्रकरण एक, बालकं चार. पोलीस ठाण्याचा आकडा यातला कुठला, ते कागदावर कोणी लिहीत नाही. मग फोनाफोनी.

यंदा तक्ता एका बैठकीत जुळला. निकालीचा आकडा चांगलाच फुगलेला, साहेब खूश. तो कशानं फुगला ते मला ठाऊक होतं.

२०१५च्या बाल न्याय कायद्यात चौकशीला पहिल्या हजेरीपासून ४ महिने, फार तर आणखी २. तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा किरकोळ गुन्हा असेल आणि तेवढ्यात चौकशी झाली नाही, तर कारवाई आपोआप संपते. मंडळावर दंडाधिकाऱ्यांबरोबर दोन समाजसेवक सदस्य असतात; आमच्या दोघांचीही मुदत संपली, नव्या नेमणुका रखडल्या. अंतिम आदेशाला दंडाधिकाऱ्यांबरोबर निदान एक सदस्य लागतोच. म्हणून तारीख, पुन्हा तारीख. सहा महिने असे गेले आणि प्रकरणं 'निकाली' निघाली.

तक्ता टाइप करत असतानाच त्या केबलवाल्यांपैकी एकाची आई आदेशाच्या नकलेसाठी आली. बोटं बोंडांनी ओरबाडलेली. ऐन वेचणीचा दिवस मोडून आलेली. पिशवीतून एसटीच्या तिकिटांची जुडी काढून टेबलावर ठेवली, जणू मी भरपाई देणार होतो.

"अर्धं तिकीट हाये सायेब, पन रोज तं पुरा बुडते."

नक्कल वाचून दाखवली. कारवाई संपुष्टात.

"म्हंजे माह्या पोरानं चोरी केली नाही, असं लेहून देलं का?"

"नाही."

"मंग केली, असं लेहलं?"

"तसंही नाही."

शेऱ्यात मी 'मुदत संपल्याने' असं लिहिलं होतं. साहेब म्हणाले, "काढा ते, वरून विचारणा येते." काढलं. तक्ता पाच वाजायच्या आत गेला.

बाई तेव्हाही व्हरांड्यातच होती. तिकिटं पुन्हा मोजत होती.