न धुतलेला शर्ट आणि दोन पट्ट्या

फोटोफ्रेमच्या पट्टीची मागची खाच असते जेमतेम अर्धा इंच. काच, माउंट म्हणजे फोटोभोवतीचा पुठ्ठा, फोटो आणि मागचा हार्डबोर्ड, एवढ्यापुरतीच ती सोय. शर्ट त्यात मावत नाही. तरी आमच्या बेळगावात कबड्डीच्या नि क्रिकेटच्या जर्सी त्याच पट्टीत दाबून बसवतात, वर पाठीला गोंद फासतात. उन्हाने काच तापली की छापील नंबर तिला चिकटतो आणि मग तीच जर्सी सोडवायला माझ्याकडे येते. गोंद लावलेलं कापड परत कापड राहत नाही. गिऱ्हाइकाला ते कळत नाही हे समजू शकतो, पण फ्रेमवाल्याला कळायला नको?

यंदाच्या उन्हाळ्यात आलेला शर्ट वेगळाच होता. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदार आणि त्यांचा मुलगा तो घेऊन आले. हॉकीचा, जाड सुती, पूर्ण बाह्यांचा, कॉलरचा. सत्तरच्या दशकात सुभेदारसाहेब पलटणीच्या संघातून खेळायचे, तेव्हाचा. इतकी वर्षं काळ्या ट्रंकेत डांबरगोळ्यांत पडून होता. छातीवर आणि कोपरांवर लाल माती वाळून बसलेली, काखेत घामाचे पिवळे डाग. शेवटच्या सामन्यानंतर धुतलाच नव्हता.

१९५६, १९६० आणि १९६४ अशा तीन ऑलिंपिक अंतिम सामन्यांत भारताचा गोल राखणारे शंकर लक्ष्मण याच पलटणीचे. त्यांचं नाव सुभेदारसाहेबांनी घेतलं तेव्हा ते खुर्चीत सरळ होऊन बसले.

मुलाला नव्या घराच्या वास्तुशांतीसाठी फ्रेम हवी होती. शर्ट ड्रायक्लीन करून, सोनेरी फायबर पट्टीत.

"असला मळका शर्ट हॉलमध्ये लावतात काय, बाबा?"

"माती आहे म्हणून तर लावायचाय. धुतलेले शर्ट दुकानात मिळतात की."

मुलगा माझ्याकडे बघू लागला. मी काहीतरी सांगावं अशी दोघांचीही अपेक्षा होती, आणि दोघांचंही खरं होतं. घाम आंबट असतो, तो सुती धागा हळूहळू खातो. बंद पेटीत, त्यातून आमच्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात, मळक्या कापडाला बुरशी लवकर धरते. पण काखेतलं कापड मी बोटांनी चाचपलं तर ते इतकं विरलेलं की पाण्यात घातल्यावर तिथे फाटलंच असतं. मी तसं दोघांनाही सांगितलं. "मग ठरलं," सुभेदारसाहेब म्हणाले. मुलगा पुढे काही बोलला नाही, पण त्याचं तोंड उतरलं होतं.

सोनेरी फायबर पट्टीला मात्र मी स्वतःच नाही म्हटलं. शर्टाला कॉलर, बटणं आणि मागे दुमडलेल्या बाह्या धरून सव्वा इंच खोली लागते. एवढ्या खोलीची तयार पट्टी इथल्या व्यापाऱ्याकडे नसते. मागवायची तर पट्ट्यांचं पूर्ण खोकं घ्या म्हणतात, एका शर्टासाठी कोण घेणार? तेव्हा दोन पट्ट्या जोडायच्या. पुढे दिसणारी नक्षीची, मागे दीड इंच खोलीची साधी, पेटीसारखी. फायबर म्हणजे फुगवलेलं प्लास्टिक. त्यात स्क्रू धरत नाही आणि लाकडाचा पांढरा गोंदही त्याला बसत नाही. शिवाय लाकूड पावसात फुगतं, फायबर फुगत नाही, म्हणजे दोघांच्या ओढाताणीत सांधा सुटणार. दोन्ही पट्ट्या सागवानी घेतल्या.

ॲक्रिलिक हलकं, मलाही आवडतं, पण पुसलं की त्यात वीज साठते आणि सुटी माती उडून त्याला चिकटते. या शर्टासाठी ते बादच. २४ बाय ३० इंचाला ३ मिमीची काच घेतली, साडेतीन किलोच्या आसपास. आणि खरी अडचण इथेच आहे. काच बसते पुढच्या पट्टीत, टांगायच्या कड्या लागतात मागच्या पट्टीला. म्हणजे काचेचं सगळं वजन रात्रंदिवस दोन पट्ट्यांच्या सांध्याला खाली ओढत राहतं. नुसते स्क्रू मारले तर सगळा भार त्यांच्यावर येतो आणि भोकं सैल होत जातात.

माझ्याकडचा पोरगा म्हणाला, आधी दोन्ही पट्ट्या लांबीत चिकटवू, मग एकदमच ४५ अंशांत कापू, कोपरे आपोआप जुळतील. पोरगा हुशार आहे. पण एवढी जाडी आमच्या मशीनच्या पात्याखाली जात नाही, आणि लांब पट्टीला थोडा जरी बाक असला तरी तो जोडात कायमचा अडकतो. दोन चौकटी वेगवेगळ्या केल्या. कोपरे गोंद आणि व्ही-नेलने, म्हणजे व्ही आकाराच्या खिळ्यांनी, पक्के केले. मागच्या चौकटीच्या पुढच्या कडेला राउटरने, म्हणजे लाकूड कोरायच्या मशीनने, ४ मिमी रुंद आणि ९ मिमी उंच पायरी काढली. काच बसल्यावर पुढच्या खाचेत नेमकी ९ मिमी जागा उरत होती. पायरी त्यात उतरते, काच दाबून धरते आणि वजन स्क्रूवर न येता लाकडावर लाकूड असं टेकतं. चुकायला जागा फार थोडी. पायरी आत सरकली तर समोरून कच्चं लाकूड दिसतं, बाहेर राहिली तर ती खाचेत उतरतच नाही. माझी चौकट हाताने दाबल्यावर टक् करून बसली. त्या आवाजासाठी मी हा धंदा करतो.

दोन चौकटींमध्ये गोंद लावला नाही. मागून आठ स्क्रू, बस्स. ही पेटी उघडता आलीच पाहिजे.

माती झटकली नाही. शर्टावर मच्छरदाणीचा तुकडा अंथरून वरून कमी ओढीचा व्हॅक्यूम फिरवला, तेवढी सुटी धूळ गेली, डाग राहिले. सुभेदारसाहेब शेजारी उभे राहून बघत होते. माउंट बोर्डाचा खांद्यांच्या आकाराचा तुकडा कापून त्याला धुतलेलं मांजरपाट गुंडाळलं आणि शर्टात सरकवलं, म्हणजे कापडाचं ओझं टाक्यांवर येत नाही. टाके फक्त शिवणींतून घातले, विरलेल्या जागी सुई लावली नाही.

देताना मुलाला बजावलं, पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर लावू नका, ती पावसात ओल धरते. वास्तुशांतीला गेलो तर फ्रेम नेमकी तिथेच. हॉलमध्ये नाही, जिन्याच्या वळणावर, पश्चिमेच्या भिंतीला. हॉलमध्ये टीव्ही होता. सुभेदारसाहेब प्रत्येक पाहुण्याला जिन्यापर्यंत नेत होते आणि मुलाला त्याचा संकोच वाटत होता. भिंत बदलण्याबद्दल मी मुलाशी बोललो, तो हो म्हणाला.

काखेतले ते डाग डोक्यातून जात नाहीत. आमच्याकडे म्युझियममध्ये असतात तसे कापडाचे जाणकार नाहीत. ओल्या कापसाने थोडंथोडं टिपून घाम तेवढा काढता आला असता काय, माती न हलवता? सुभेदारसाहेबांना तेव्हा ते विचारलंही नाही, कारण ते नाहीच म्हणाले असते असं मी धरून चाललो. पण शर्ट टिकावा हेही त्यांना हवंच आहे. गणपती झाले की स्क्रू ड्रायव्हर घेऊन जाणार आहे. त्यांना फोनवर तसं सांगितलंय. आठ स्क्रू काढायचे, पेटी त्यांच्यासमोर उघडायची, कापड बघायचं आणि मग विचारायचं.