कार्बोरेटर नवीन टाका म्हणाले, तर आधी हे बघा

जुनी यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल सिग्नलला बंद पडते म्हणून गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रींनी टाकीसुद्धा न हलवता सांगितलं, "कार्बोरेटर गेलाय, नवीन टाका." (कार्बोरेटर म्हणजे इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा भाग.) त्या बोलण्याचा राग अजून गेलेला नाही.

गाडी वडिलांची, १९८९ची. चोक (पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा खटका) ओढला की लगेच सुरू, चोक सोडला की बंद. कधी याच्या उलट: पुण्यात नळ स्टॉपच्या सिग्नलला थ्रॉटल सोडलं तरी रेस खाली येईना, गाडी किंचाळत राहायची आणि मग फट्कन बंद. मोकळ्या रस्त्यावर मात्र झकास. स्पार्क प्लग काढून पाहिला. चॉकलेटी असायला हवा तो पांढराफटक. म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. अशा टू-स्ट्रोक इंजिनात हे अंगावर काढू नका, पिस्टन तापून जाम होतो.

कार्बोरेटर उतरवून घरीच साफ केला. वाटीत (खालच्या पेट्रोल साठणाऱ्या भागात) हिरवट थर होता. पायलट जेटचं, म्हणजे कमी रेसला पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळीचं, भोक केसाएवढं असतं, त्यात तार घालू नका, भोक मोठं होतं. कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारा, प्रेशरची हवा द्या आणि जेट उजेडाकडे धरून बघा, भोक स्वच्छ गोल दिसलं पाहिजे.

एवढं करून फरक शून्य. "बोललो होतो ना!" असं गॅरेजमध्ये पुन्हा ऐकून घेतलं. नाना पेठेत स्पेअर पार्ट्सच्या काउंटरवर लोकल कार्बोरेटर पुढे सरकवला गेला. तो मी घेतला नाही, कारण एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. एअर स्क्रू (कमी रेसला हवेचं प्रमाण ठरवणारा) हलक्या हाताने पूर्ण आत घेऊन साधारण दीड फेरा बाहेर काढायचा, मग गरम इंजिनावर थोडा थोडा फिरवायचा. आवाज बदलायलाच हवा. माझ्या गाडीत स्क्रू कुठेही नेला तरी आवाज तोच. अशा वेळी एक तर पायलटची वाट तुंबलेली असते, नाहीतर गाडी बाहेरून हवा घेत असते. वाट तर मी स्वतः साफ केली होती.

मग गाडी चालू ठेवून कार्बोरेटर आणि सिलिंडरमधल्या रबरी जॉइंटवर क्लीनरचा अगदी छोटा फवारा मारला. रेस लगेच बदलली! (तापलेल्या सायलेन्सरपासून लांब, उघड्यावर करा. क्लीनर पेट घेतो.) रबर काढून बोटांनी वाकवलं तेव्हा खालच्या बाजूची चीर उघडली. बसवलेलं असताना ती दिसणं शक्यच नव्हतं. पण वाकवून बघायला दोन मिनिटं लागतात, आणि तेवढी कोणी दिली नाहीत याचंच वाईट वाटतं.

नवीन जॉइंट टाकला, क्लॅम्प आवळला. एअर स्क्रू फिरवला की आता आवाज बदलतो. नळ स्टॉपचा अख्खा सिग्नल गाडी टुकटुक करत उभी राहते. मिकुनी कंपनीचा मूळ कार्बोरेटर जागेवर आहे, याचा मला अभिमान वाटतो.

गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर पेट्रोल कॉक बंद करून ती आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे वाटी रिकामी होते. इथेनॉलचं पेट्रोल ओलावा धरतं. आणि वाटीच्या स्क्रूंना नीट बसणारा स्क्रूड्रायव्हरच लावा, डोकी झिजली की ड्रिलशिवाय निघत नाहीत.