सायलेन्सरच्या टोकावरचा डाग घासण्याआधी ओळखावा

गाडीच्या सायलेन्सरचे टोक काळवंडले किंवा पिवळे पडले की बहुतेक जण हाताला लागेल ती घासणी उचलतात आणि जोर लावून घासू लागतात. पॉलिश कोणते आणावे, कापड कोणते घ्यावे, हे प्रश्न मी नंतरचे मानतो. डाग नेमका कशाचा आहे आणि तो कोणत्या धातूवर बसला आहे, हे आधी ठरवावे लागते. काजळी, उष्णतेने आलेला रंग आणि गंज या तिन्ही गोष्टी लांबून सारख्याच मळकट दिसतात; पण एकावर जो उपाय चालतो तो दुसऱ्यावर निरुपयोगी ठरतो आणि तिसऱ्याचे तर नुकसानच करतो.

सर्वांत जास्त आढळते ती काजळी. थंड इंजिन सुरू होते तेव्हा हवेच्या मानाने इंधन जास्त सोडले जाते, ते पुरते जळत नाही आणि कार्बनचे बारीक कण धुराबरोबर बाहेर पडतात. सिलिंडरमध्ये थेट इंधन फवारणाऱ्या पेट्रोल इंजिनांत हे प्रमाण अधिक असते. त्यात पाण्याची भर पडते: एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते आणि नळी थंड असेल तर ते आतच साचून काजळीत कालवले जाते. टोकाची खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त काळी असते, त्यामागे बहुतेक हेच ओघळणारे पाणी असते. जी गाडी रोज थोडेच अंतर धावते तिची नळी कधी पुरती तापत नाही, त्यामुळे आतला ओलावा सुकत नाही आणि गंजाचीही सुरुवात तिथूनच होते.

काजळी पुसण्याआधी हातमोजा घालून तिच्यावरून एकदा बोट फिरवावे. कोरडी भुकटी निघाली तर ती नेहमीची काजळी होय. बोटाला तेलकट, चिकट थर लागला तर इंजिन ऑइल जळत असण्याची शक्यता असते आणि अशा वेळी पॉलिशपेक्षा मेकॅनिकची गरज अधिक असते. डिझेलच्या नव्या गाड्यांत धुरातले कण अडवणारा फिल्टर असतो आणि तो नीट काम करत असेल तर टोकाच्या आतली बाजू बरीचशी स्वच्छ राहते. अशा गाडीचे टोक अचानक काळेकुट्ट होऊ लागले, तर ते चकाकवून झाकण्याऐवजी आधी फिल्टर तपासून घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

उष्णतेचा रंग ही वेगळी गोष्ट आहे. स्टेनलेस स्टीलमध्ये किमान 10.5 टक्के क्रोमियम असते आणि त्याच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा धातूचे गंजण्यापासून रक्षण करतो. धातू तापला की हा पापुद्रा जाड होतो आणि साबणाच्या फुग्यावर दिसावेत तसे रंग त्यावर उमटतात: 300 अंश सेल्सिअसच्या आसपास फिकट पिवळा, 400 च्या सुमारास तपकिरी आणि 540 च्या पुढे निळा. मोटारसायकलच्या इंजिनालगतच्या नळीवर हा निळा रंग सर्रास दिसतो. मोटारीचे मागचे टोक मात्र इंजिनापासून बरेच लांब असते आणि तिथवर पोहोचेपर्यंत धूर पुष्कळ निवलेला असतो, त्यामुळे तिथला पिवळट थर हा अनेकदा उष्णतेचा रंग नसून तेल, पाणी आणि रस्त्यावरची धूळ भाजून बसलेली असते. फरक ओळखणे सोपे आहे. चिकटपणा काढणाऱ्या क्लीनरने जो थर सुटतो तो मळ. जो जराही हलत नाही तो धातूच्या अंगचा रंग, आणि तो केवळ पॉलिशच्या बारीक घर्षणानेच उतरतो. टायटॅनियमच्या टोकावरची निळी-जांभळी छटा ही त्याच्या ऑक्साइडचीच असते. ती हवी असेल तर त्याला पॉलिश लावूच नये.

धातू ओळखताना चुंबकावर पूर्ण भिस्त ठेवू नये. 304 क्रमांकाच्या चांगल्या प्रतीच्या स्टेनलेसला चुंबक फारसा चिकटत नाही हे खरे. पण नळ्यांसाठी वापरले जाणारे 409 हेही स्टेनलेसच आहे आणि त्याला चुंबक घट्ट चिकटतो. क्रोमचा मुलामा दिलेल्या साध्या लोखंडालाही तो चिकटतो. या मुलाम्यातला क्रोमचा वरचा थर बहुधा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. त्यावर गंजाचे फोड आले असतील तर तेथील मुलामा गेलेला असतो आणि कितीही घासले तरी तो परत येत नाही. नुसते वरवरचे तपकिरी ठिपके असतील, तर स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवावा. अ‍ॅल्युमिनियम क्रोमपेक्षा कितीतरी मऊ असल्याने मुलाम्यावर ओरखडे उठत नाहीत आणि ठिपके निघतात. काळ्या रंगाचे किंवा काळे कोटिंग केलेले टोक असेल तर शाम्पू आणि पाणी एवढ्यावरच थांबावे. घासणी आणि मेटल पॉलिश, दोन्ही कोटिंग उडवतात.

काम सुरू करताना नळी पूर्ण थंड असावी आणि काजळी आधी ओली करावी, म्हणजे ती उडून नाकात जात नाही. ही खबरदारी अनाठायी नाही, कारण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये डिझेलच्या धुराचा समावेश कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात केला आहे. बादली आणि फडकी वेगळी ठेवावीत. सायलेन्सरवर फिरलेले कापड पुन्हा गाडीच्या रंगावर फिरले की बारीक चरे उठतात. क्लीनर फवारून काही मिनिटे थांबावे, पण तो वाळू देऊ नये, आणि मग मऊ ब्रशने आतली कड मोकळी करावी. फरशीसाठीचे अ‍ॅसिड तर मुळीच वापरू नये, कारण त्यातील क्लोराइड स्टेनलेसचा संरक्षक पापुद्रा फोडते आणि धातूला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात.

एवढ्याने न निघालेल्या थरासाठी 0000 क्रमांकाचे अतिबारीक स्टील वूल पॉलिशसोबत वापरण्याची पद्धत आहे. क्रोमवर ते चालते, परंतु स्टेनलेसवर त्याचे तुटलेले लोखंडी तंतू अडकून राहतात आणि थोड्याच दिवसांत तेच गंजून तपकिरी ठिपके उठतात. म्हणून स्टेनलेससाठी ब्राँझ वूल किंवा स्टेनलेसचेच वूल घ्यावे. पृष्ठभागावर मुळातच बारीक रेषा असतील तर त्या रेषांच्या दिशेनेच घासावे, कारण आडवा हात फिरला की ती खूण उठून दिसते.

पॉलिश वाटाण्याएवढेच घ्यावे आणि एका वेळी थोडासा भाग करावा. कापड काळे होत आहे म्हणजे अजून घाण निघते आहे, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात स्वच्छ धातूवर पॉलिश घासले तरी कापड काळेच होते, कारण पॉलिश धातूचाच सूक्ष्म थर उतरवत असते. त्यामुळे थांबायचे केव्हा हे कापडावरून ठरवता येत नाही; स्वच्छ फडक्याने पुसून उजेडात प्रतिबिंबाच्या कडा स्पष्ट झाल्या आहेत का, ते पाहावे. नळीच्या आतल्या बाजूला आरशासारखी चमक आणण्यात वेळ घालवू नये, कारण तिथे काजळी लगेचच परत बसते.

शेवटी संरक्षक थर द्यावा. गाडीच्या रंगावर लावले जाणारे कार्नौबा मेण 82 ते 86 अंशांदरम्यान वितळते, त्यामुळे सायलेन्सरवर ते टिकत नाही. चाकांसाठी मिळणारे, उष्णता सोसणारे सीलंट अधिक उपयोगी पडते. ते लावण्यापूर्वी पॉलिशचा तेलकट अंश आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावा आणि लावल्यानंतर डब्यावर सांगितलेला वेळ होईपर्यंत इंजिन सुरू करू नये. त्यापुढे गाडी धुताना दर वेळी टोकावरून ओले फडके फिरवत राहिल्यास पॉलिशचा डबा क्वचितच उघडावा लागतो.