तुम्ही विचारलंत म्हणून : किती पेपर झाले?

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले, मार्केट यार्डातले ओळखीचे अडते, नव्याने पीएचडीला लागलेली मुलं, सगळे मला एकच विचारतात : "मॅडम, तुमचे पेपर किती झाले?" मुलं एच-इंडेक्सही विचारतात. मी आकडा सांगते आणि घरी परतताना रुखरुख लागते, की उत्तर अर्धंच दिलं. उरलेलं आज सांगते.

पेपर, म्हणजे छापून आलेले शोधनिबंध, २६. एच-इंडेक्स ११. म्हणजे माझ्या ११ पेपरांचा दाखला इतर पेपरांत प्रत्येकी किमान ११ वेळा दिला गेला आहे. ही मोजणी होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचवली. कोणी किती लिहिलं आणि ते कितपत वापरलं गेलं, हे एकाच आकड्यात यावं म्हणून. पण दाखला कशासाठी दिला, हे तो आकडा सांगत नाही. कौतुकाने दिलेला, चूक दाखवायला दिलेला आणि न वाचताच उतरवून घेतलेला, तिन्ही त्यात सारखेच धरले जातात.

माझं काम उंदरांच्या वागण्यावरून मेंदूत काय चाललंय ते शोधण्याचं. रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ मध्ये एक रीत मांडली, ती आम्ही आजही वापरतो. मोठ्या गोल हौदात पाणी, ते दुधाने किंवा रंगाने गढूळ केलेलं, आणि पृष्ठभागाच्या जरा खाली लपवलेला एक प्लॅटफॉर्म, पाटासारखा. उंदीर पोहत पोहत तो शोधतो. भिंतीवरच्या खुणा लक्षात ठेवून रोज थोडा लवकर पोचतो. शेवटी प्लॅटफॉर्म काढून घ्यायचा आणि उंदीर तो कुठे शोधत फिरतो ते पाहायचं. त्याची आठवण डोळ्यांना दिसते. इतक्या वर्षांनंतरही त्या क्षणी मी श्वास रोखून उभी असते.

पण वागणं फार हळवं असतं. १९९९ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या तीन प्रयोगशाळांनी त्याच त्या वंशांचे उंदीर, एकसारखी उपकरणं, एकच वेळापत्रक ठेवून त्याच चाचण्या घेतल्या. तरी काही निकाल प्रयोगशाळेगणिक वेगळे आले. २०१४ मध्ये तर असं दिसलं, की खोलीत पुरुष असला, अगदी त्याने घातलेला टी-शर्ट जरी ठेवला, तरी उंदरांवर ताण येतो आणि त्यांना वेदना कमी जाणवतात. त्यामुळे आमच्या शाखेत एका प्रयोगावर भिस्त ठेवता येत नाही. दुसऱ्या कोणीतरी तो पुन्हा करून पाहावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो.

आता माझ्या दोन पेपरांची गोष्ट. सांगलीत वाढलेली मी, हळदीवर काम करणार हे ठरल्यासारखंच होतं. लहानपणी आजोबांसोबत हरिपूरला जायचे, तिथली हळदीची पेवं, म्हणजे जमिनीत खणलेली कोठारं, पाहायला. तोंड अरुंद, आत खोलच खोल. उघडल्यावर लगेच कोणी उतरत नसे, आतली कोंडलेली हवा आधी जाऊ देत. पुढे मी संशोधनात आले तेव्हा हळदीतल्या कर्क्युमिन या पिवळ्या द्रव्यावरच्या पेपरांचंच पेव फुटलं होतं. स्मरणशक्ती वाढते, नैराश्य जातं, दाह कमी होतो. आम्हीही म्हाताऱ्या उंदरांना कर्क्युमिन दिलं, हौदात सोडलं. औषध दिलेले आणि न दिलेले, दोन्ही गटांत फरक नाही. पुन्हा केलं. पुन्हा नाही.

तो पेपर तीन नियतकालिकांनी परत पाठवला : यात नवीन काही नाही. चौथ्यात छापला गेला. आजवर त्याचे दाखले ४. त्याउलट २०२० च्या टाळेबंदीत घरी बसून मी कर्क्युमिनवरच्या इतरांच्या कामाचा आढावा लिहिला. त्याचे दाखले दोनशेच्या वर गेले. माझं नाव जिथे कुठे दिसतं, ते त्याच्यामुळे. पण त्याआधीच, २०१७ मध्ये, रसायनशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं होतं, की कर्क्युमिन शरीरात नीट शोषलं जात नाही, टिकत नाही, आणि परीक्षानळीतल्या चाचण्यांत खोटे होकार देतं. आढाव्यात ते मी दोन ओळींत उरकलं. त्याची खंत मला अजून आहे.

नोकरीत आणि बढतीत मोजला जातो तो आढावा. २०१० मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, पेपरांना गुण लावले, तेव्हापासून कित्येक मुलांना विषय निवडण्याआधी आकड्याची चिंता लागलेली मी पाहते. तुम्ही किती विचारता, त्यात तुमचा दोष नाही, आम्हीच तुम्हाला तेवढं शिकवलं. पण सौद्यात अडते काका काय करतात ते आठवा. पोती मोजायच्या आधी एक हळकुंड उचलतात, मोडतात आणि आतला रंग बघतात.

म्हणून मला विचारायचंच असेल तर विचारा, कुठला पेपर कोणी पुन्हा करून पाहिला? गेल्या महिन्यात कराडच्या एका मुलीचा ईमेल आला. तो फरक न सापडलेला प्रयोग तिला आपल्या प्रयोगशाळेत करायचा आहे. पाणी किती अंश ठेवलं होतं, दूध घातलं की रंग, खिडकी कुठल्या दिशेला होती, उंदरांना हाताळलं कोणी, सगळं विचारलं होतं. मी जुन्या वह्या काढल्या आणि रात्री उशिरापर्यंत बसून तिला चार पानं लिहिली.