पूर्ण रेंज, नेट गायब

फ्रँकफर्टला विमान टेकलं, फोन एरोप्लेन मोडमधून बाहेर काढला. काड्या भराभर वर चढल्या, जर्मन नेटवर्कचं नावही उमटलं. नेट मात्र नाही. नकाशाच्या जागी करडी जाळी आणि व्हॉट्सॲपच्या प्रत्येक मेसेजपुढे ते चिडवणारं घड्याळ. इमिग्रेशनच्या रांगेत निम्मी माणसं हेच करत असतात: एरोप्लेन मोड चालू, बंद, पुन्हा चालू. फोन अनलॉक, ई-सिम (कार्डाशिवाय फोनमध्येच उतरवलेलं सिम) नवंकोरं, पैसे आधीच भरलेले. मग अडतं कुठे?

काड्यांवरून एवढंच कळतं की टॉवरचा सिग्नल फोनपर्यंत नीट पोचतोय. नेटचा हिशोब वेगळा असतो, आणि तो ज्या बटणापाशी सगळ्यात जास्त वेळा अडतो त्याला लोक सगळ्यात जास्त घाबरतात: डेटा रोमिंग.

प्रवासासाठी विकली जाणारी ई-सिम बहुधा तिसऱ्याच देशातल्या कंपनीची असतात. पाकिटावर ‘जर्मनी’ असलं तरी सिमच्या पोटातला देशाचा आकडा दुसराच असतो. जर्मनीचा आकडा २६२. फोन सिमवरचा आकडा आणि समोरच्या नेटवर्कचा आकडा ताडून बघतो. जुळला नाही की तो म्हणतो, हे रोमिंग आहे, आणि डेटा अडवून ठेवतो. तुम्ही मात्र मोठ्या बिलाच्या धास्तीनं डेटा रोमिंग बंद करून निघालेल्या असता. हे बटण प्रत्येक सिमला वेगळं असतं. घरच्या सिमचं बंद आणि प्रवासी ई-सिमचं चालू, एवढं केलं की दहापैकी सात-आठ जणांची रांगेतली धडपड तिथेच संपेल, असा माझा अंदाज. ई-सिम विकणारे ही सूचना पाठवतात, पण ईमेलच्या तळाशी, आणि ती ईमेल उघडायला नेट लागतं. याचा मला दर वेळी नव्यानं राग येतो.

त्याच पानावर डेटासाठी कोणतं सिम निवडलंय तेही बघा. नवं ई-सिम चालू केल्यावरही डेटा जुन्या सिमवरच राहिलेला असतो, असं हमखास होतं.

एवढ्यानं भागलं नाही तर एपीएन. फोननं इंटरनेटकडे कोणत्या दारानं जायचं, ते नाव. बहुतेक सिम ते स्वतःच भरतात, छोट्या कंपन्यांची सिम कधी कधी भरत नाहीत. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, मग मोबाइल नेटवर्क, मग ते सिम, मग ॲक्सेस पॉइंट नेम्स. तिथे अधिकच्या चिन्हावर नवं एपीएन तयार होतं. दोनच रकाने भरायचे: वरचं नाव, जे काहीही चालेल, आणि एपीएन, जे अक्षर न् अक्षर बरोबर हवं. कंपनीनं युजरनेम-पासवर्ड दिला नसेल तर ते रकाने कोरेच ठेवा, मनानं भरू नका. दुसरीकडून चिकटवताना शेवटी एक मोकळी जागा घुसली की काम बिघडतं आणि ती डोळ्यांना दिसतही नाही. सेव्ह बहुधा वरच्या तीन ठिपक्यांत लपलेलं असतं. नुसतं मागे आलात तर काही फोन सगळं निमूटपणे फेकून देतात. सेव्ह झाल्यावर त्या नावापुढच्या गोलावर टिचकी मारायची, नाहीतर यादीत नाव असूनही फोन जुनंच वापरत राहतो. नेट चालतंय पण हॉटस्पॉट चालत नाही, असं झालं तर एपीएन टाइपच्या रकान्यात ‘डन’ (रोमन लिपीत डी-यू-एन) जोडून बघावं. कंपनीनंच हॉटस्पॉट बंद ठेवला असेल तर त्यानंही काही होत नाही.

आयफोनमध्ये वेगळीच भानगड. मागच्या एखाद्या प्रवासात छोट्या कंपनीचं सिम घेताना प्रोफाइल (त्या कंपनीच्या सेटिंग्जची फाइल) टाकलेलं असतं, ते तिथेच ठाण मांडून बसतं आणि नव्या सिमचं एपीएनही स्वतःच ठरवतं. सेटिंग्ज, जनरल, मग व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट. तिथून ते काढायचं आणि फोन एकदा बंद करून चालू करायचा. एपीएनच्या पानाचा स्क्रीनशॉट मी आता घर सोडण्याआधीच काढून ठेवते. हा शहाणपणा फार उशिरा आला.

फ्रँकफर्टचे तीन दिवस छान गेले, त्यांचा फोनशी संबंध नाही.

अनलॉक या शब्दानं बराच घोळ केलाय. पडद्याचं कुलूप वेगळं, बूटलोडरचं (फोन सुरू करणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरचं) वेगळं, आणि सिमचं, म्हणजे फोनला एकाच कंपनीच्या सिमशी बांधणारं, वेगळं. प्रवासात कामाचं ते तिसरं. आयफोनमध्ये जनरल, अबाउट, तिथे कॅरिअर लॉकपुढे ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ दिसलं की मोकळा. अँड्रॉइडमध्ये अशी एकच ठरलेली जागा नाही. दुसऱ्या कंपनीचं सिम घालून बघणं हीच खरी परीक्षा. लॉक असेल तर फोन अनलॉक कोड मागतो. तिथे अंदाजपंचे आकडे टाकू नका, चुकीच्या प्रयत्नांना मर्यादा असते आणि ती ओलांडली की कोड घेणंच बंद होतं. कॅनडानं २०१७च्या डिसेंबरपासून, जपाननं २०२१च्या ऑक्टोबरपासून आणि ब्रिटननं त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून लॉक केलेले फोन विकायला मनाई केली. अमेरिकेत हप्त्यांवर घेतलेला फोन अजूनही लॉक असू शकतो, त्यामुळे तिथून कुणी आणून दिलेला फोन आधी तपासावा. सॅमसंगच्या काही फोनच्या खोक्यावर आणखी एक बारीक अट असते: ज्या भागासाठी फोन बनलाय तिथलंच सिम घालून आधी पाच मिनिटं कॉल करायचे, मग बाहेरची सिम चालतात. नवाकोरा फोन खोक्यातून काढून थेट विमानात बसणाऱ्याला हे तिकडे उतरल्यावर समजतं.

तिथून स्वित्झर्लंडमधल्या बाझलचा रेल्वेप्रवास देखणा आहे, पण माझी नजर काड्यांच्या बाजूच्या नावावर होती. युरोपीय संघात १५ जून २०१७पासून एका देशाचं सिम दुसऱ्या देशात घरच्यासारखं चालतं. स्वित्झर्लंड त्या संघात नाही, युरोपीय आर्थिक क्षेत्रातही नाही. बाझल तर तीन देशांच्या सांध्यावर वसलेलं. बाडिशर बानहोफ हे जर्मन रेल्वेचं स्टेशन स्विस जमिनीवर उभं आहे. फलाटावर पाय न ठेवताही फोन स्विस नेटवर्क पकडतो, आणि ‘युरोप’ लिहिलेल्या पॅकमध्ये स्वित्झर्लंड असेलच असं नाही. उपाय सोपा: स्टेशन यायच्या आधी नेटवर्क निवड स्वयंचलितवरून (ऑटोमॅटिक) हाती (मॅन्युअल) घ्यायची आणि जर्मन नेटवर्क पक्कं करायचं. सीमेपासून आत गेलात की तो सिग्नल तुटतो, मग स्विस पॅक घ्या किंवा वायफायवर भागवा. हाती घेतलेली निवड परत स्वयंचलित करायची, हे मात्र हमखास राहतं. पुढच्या देशात उतरल्यावर फोन बिचारा तेच जर्मन नेटवर्क शोधत बसतो आणि ‘नो सर्व्हिस’ दाखवतो. इस्तंबूलला असंच झालं. दोष सगळा माझा होता, पण त्याआधी माझं ई-सिमवाल्यांना मनात बरंच सुनावून झालं होतं.

तुर्कस्तानात थोडे दिवस राहणाऱ्याला अडचण नाही. मुक्काम लांबला तर आहे. तिथलं सिम घातलेला परदेशी फोन १२० दिवसच चालतो. नंतर फी भरून त्याच्या आयएमईआयची (प्रत्येक फोनच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाची) नोंदणी केली नसेल तर तिथली नेटवर्क तो फोनच बंद करतात, मग तो कितीही अनलॉक असो. बाहेरच्या सिमवर रोमिंग करणाऱ्याला हा नियम लागत नाही. इंडोनेशियातही आयएमईआयची यादी आहे, पर्यटकांना ९० दिवसांची सवलत मिळते. *#०६# दाबलं की पंधरा आकडी आयएमईआय दिसतो. दोन सिमच्या फोनला दोन असतात, दोन्ही टिपून ठेवा. फोन चोरीला गेला तर पोलिसही तेच मागतात.

टोकियोच्या विमानात एक गंमत. वाटेत फोनवर ९०१नं सुरू होणारं नेटवर्क दिसू शकतं. ९०१ कुठल्याच देशाचा आकडा नाही; विमानातली आणि जहाजावरची नेटवर्क याखाली येतात आणि त्यांचे दर नेहमीच्या रोमिंग पॅकच्या बाहेर असतात. एरोप्लेन मोड विसरण्याची सगळ्यात महागडी जागा हीच.

जपाननं जीएसएम (बहुतेक जगाचं टूजी तंत्र) कधी वापरलंच नाही, त्यामुळे जुना टूजी फोन तिथे पहिल्यापासूनच निकामी होता. आता प्रश्न बँडचा, म्हणजे फोन ज्या रेडिओ लहरींच्या पट्ट्यांवर बोलतो त्यांचा. फोन एकाच नावाचा असला तरी देशोदेशीच्या मॉडेलमध्ये आतला रेडिओ वेगळा असतो, म्हणून नाव सोडा आणि मॉडेल क्रमांक बघा. वरच्या वारंवारतेचे बँड, म्हणजे १, ३, ७ (हे नुसते क्रमांक), शहरात बहुतेक फोन पकडतात. भिंतीच्या आत आणि डोंगराआड पोचतात ते खालचे, ते प्रदेशागणिक बदलतात: युरोपात ८०० मेगाहर्ट्झचा बँड २०, जपानमध्ये डोकोमोचा बँड १९, ऑस्ट्रेलियात ७००चा बँड २८, अमेरिकेत टी-मोबाइलचा ६००चा बँड ७१ आणि व्हेरायझनचा ७००चा बँड १३. खालचा बँड नसलेला फोन टोकियोच्या रस्त्यावर झकास चालतो आणि डोंगराळ भागातल्या स्टेशनवर मान टाकतो. आपण सिमला शिव्या घालतो. सेटिंगमध्ये काहीही केलं तरी हा उणेपणा भरून निघत नाही. पर्यटकांना मिळणारी जपानी सिम बहुतांशी नुसत्या डेटाची असतात, नंबर मिळत नाही. हॉटेलनं फोन नंबर मागितला तर घरचाच द्यायचा.

अमेरिकेत मात्र प्रकरण उलटं. नेट सुसाट, नकाशा चालू, आणि फोन लावला की दोन सेकंदांत कट. यामागे व्होल्टे, म्हणजे फोरजीवरूनच कॉल करण्याची सोय. एटीअँडटीनं फेब्रुवारी २०२२मध्ये थ्रीजी बंद केलं, व्हेरायझननं त्याच वर्षाच्या अखेरीस. पूर्वी फोरजीवरचा फोन कॉलपुरता थ्रीजीवर उतरायचा. ती पायरीच काढून घेतल्यावर कॉल फोरजीवरूनच व्हायला हवा, आणि त्यासाठी त्या-त्या कंपनीच्या व्होल्टेची मांडणी फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून असावी लागते. फोनमध्ये व्होल्टे आहे, अनलॉक आहे, बँडही आहेत, आणि तरी त्या कंपनीची मांडणी नाही, म्हणून कॉल होत नाही. काही कंपन्या तर आपल्या यादीत नसलेल्या मॉडेलला उभंच करत नाहीत. म्हणून सिम घेण्याआधी कंपनीच्या साइटवर आयएमईआय टाकून बघायचा. ही दोन मिनिटं मी आता कुठल्याच देशात वाचवत नाही. सिम घातल्यावरची तपासणीही सोपी आहे: कॉल लावा आणि चालू कॉलमध्ये वरची खूण बघा. फोरजी टिकून राहिलं तर व्होल्टे चालतंय. खूण घसरली तर कॉल जुन्या नेटवर्कवर टेकून आहे आणि ते बंद झालं की हा फोन मुका होणार. अँड्रॉइडवर *#*#४६३६#*#* दाबून फोन इन्फर्मेशनमध्ये आयएमएसची (व्होल्टेमागच्या यंत्रणेची) नोंदणीही दिसते, सगळ्या फोनवर हे पान उघडत नाही.

ऑस्ट्रेलिया याच्याही पुढे गेला. २८ ऑक्टोबर २०२४पासून तिथल्या टेल्स्ट्रा आणि ऑप्टस या कंपन्यांचं थ्रीजी बंद झालं आणि ज्या फोनवरून तातडीचा ०००चा कॉल फोरजीवर जात नाही, ते फोनच नेटवर्कवरून उतरवायचे असा नियम आला. साधे कॉल व्होल्टेवर करणारे, पण तातडीच्या कॉलसाठी मात्र थ्रीजीकडे धावणारे फोनही त्यात अडकले. चिडचिड होते खरी, पण संकटात न लागणारा फोन खिशात बाळगण्यापेक्षा हे बरं.

सिमच्या ट्रेचंही सांगते. २०२२च्या आयफोन १४पासून अमेरिकी मॉडेलना ट्रेच नाही, त्यामुळे विमानतळावरच्या काउंटरचं प्लास्टिकचं सिम त्यांच्या उपयोगाचं नाही. ज्यांना ट्रे आहे त्यांनी पिन खुपसण्याआधी भोक नीट बघावं. ट्रेचं भोक ट्रेच्याच पट्टीवर असतं, शेजारचं सुटं भोक मायक्रोफोनचं. आणि काढलेलं घरचं सिम, १२.३ बाय ८.८ मिलिमीटरचं ते चिमुकलं, कागदावर चिकटपट्टीनं चिकटवून पासपोर्टच्या पाकिटात. सुटं ठेवलेलं सिम परत सापडलंय असं मी पाहिलेलं नाही.

ई-सिमचा क्यूआर बहुधा एकदाच चालतो. ‘नेट येत नाही, काढून परत टाकू’ या विचारानं डिलीट केलेलं ई-सिम म्हणजे पाण्यात गेलेले पैसे. नुसतं बंद करून चालू करा. टाकायचं ते घरच्या वायफायवर, निघायच्या आदल्या दिवशी.

राहता राहिला ओटीपी. घरचं सिम चालू ठेवायचं, त्याचा डेटा बंद, आणि ‘गरज पडल्यास दुसऱ्या सिमवर डेटा वळवा’ असं काही असेल तर तेही बंद. हा शेवटचा खटका चालू राहिला की प्रवासी सिमची रेंज गेलेल्या बोगद्यात फोन हळूच घरच्या सिमकडे वळू पाहतो. व्हॉइसमेलही निघण्याआधी काढून टाका. रोमिंगमध्ये न उचललेला कॉल आधी परदेशात येतो, मग व्हॉइसमेलसाठी घरी परत जातो, आणि काही कंपन्या दोन्ही फेऱ्या बिलात लावतात. ##००२# दाबलं की सगळी वळवावळव रद्द होते, *#६२# नं झालंय की नाही ते दिसतं. हे कोड घरच्या नेटवर्कवर असतानाच दाबावेत, बाहेरून कधी कधी चालत नाहीत.

लॉस एंजेलिसहून परतताना विमान उतरल्यावर फोन दहा मिनिटं नुसता ‘शोधत आहे’ म्हणत होता. सेटिंग उघडलं. नेटवर्क निवड: हाती. या खेपेला लॉस एंजेलिसमध्ये कॉल लागेना म्हणून टी-मोबाइल पक्कं करून ठेवलं होतं.