शेऱ्याचा रकाना दुसऱ्या भिंतीवर

माझा धंदा लग्नपत्रिका छापायचा. जळगाव जिल्ह्यातल्या सावदा-फैजपूर पट्ट्यात डीटीपीचं छोटं दुकान आहे. पत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, दशक्रियेची पत्रं, निवडणुकीत पॅम्प्लेट. पत्रिकेतला मुहूर्त चष्मा विसरून आलेल्या आजीलाही सापडला पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक गठ्ठा परत आणून टेबलावर आपटतं. त्यामुळे कागदावर काय कुठे असावं एवढी अक्कल मला आहे, असं माझं मत होतं. तरी चावडीच्या भिंतीवरची नुकसानभरपाईची एक यादी वाचायला मला २३ दिवस लागले. त्या यादीचा राग अजून गेलेला नाही.

२०२३ च्या मे महिन्याच्या शेवटी संध्याकाळी वादळ आलं. आमची ८० आर केळी, मृगबाग (मृगात लावलेली), घड भरत आलेले, पंधरा-वीस दिवसांत कापणी लागली असती. वीस मिनिटांत अर्धीअधिक बाग आडवी. वादळाच्या आधी मोबाईलवर मेसेज आला होता हे मला दुसऱ्या दिवशी दिसलं: जिल्ह्यात 'तुरळक ठिकाणी' मेघगर्जनेसह पाऊस आणि सोसाट्याचा वारा. तुरळक म्हणजे काय, तर हवामान खात्याच्या हिशोबात एकूण केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत. हे मला नंतर कळलं. आबांनी (माझे वडील) तुरळकचा अर्थ 'थोडासा' असा घेतला असता, आणि खरं सांगायचं तर मीही तोच घेतला असता. अर्थात मेसेज वेळेवर वाचला असता तरी साडेतीन हजार झाडांना टेकू लावायला माणसं कुठून आणणार होतो?

पंचनामा मात्र झटपट झाला. तिसऱ्या दिवशी तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक तिघं एकत्र बांधावर हजर. नुकसान ३३ टक्क्यांच्या वर पाहिजे अशी अट आहे, इथे तर उभी झाडं मोजणं सोपं होतं. तलाठी भाऊसाहेबांनी फोटो काढले, गट नंबर लिहिला, आबांची सही घेतली. चहाही घेतला नाही, पुढच्या शिवारात जायचं होतं. सरकारी माणूस काम करत नाही असं सरसकट म्हणणाऱ्यांनी त्या आठवड्यात त्या तिघांची फटफटी बघायला हवी होती, चिखलात चाकं रुतलेली. (तुम्ही स्वतःही फोटो काढून ठेवा, ठिकाण आणि तारीख उमटेल असे. आणि विमा असेल तर तो वेगळा विषय आहे, त्याची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागते. पंचनामा झाला म्हणजे विम्याचंही झालं असं समजून आमच्या शेजारच्या नानांनी पाच दिवस घालवले.)

जुलैच्या सुरुवातीला गावात निरोप आला, यादी लागली. रीत अशी होती की यादीत प्रत्येक शेतकऱ्याच्या नावापुढे एक विशिष्ट क्रमांक असतो. तो क्रमांक आणि आधार कार्ड घेऊन सेवा केंद्रात जायचं, अंगठा लावायचा, पडद्यावर नाव, क्षेत्र, रक्कम दिसते ती बरोबर असेल तर हो म्हणायचं, चूक असेल तर तक्रार नोंदवायची. मग पैसे आधार जोडलेल्या खात्यात. रीत चांगली आहे. मधला माणूस नाही, टेबलाखाली काही नाही. फक्त क्रमांक हवा.

आबांच्या नावापुढे क्रमांकाच्या रकान्यात आडवी रेघ होती.

आता यादी कशी होती ते सांगतो. चावडीच्या दर्शनी भिंतीवर बारा पानं, ए-फोर, उभी, खळीने चिकटवलेली. अक्षर इतकं बारीक की लोक मोबाईलने फोटो काढून मोठं करून वाचत होते. नावं कुठल्या क्रमाने होती ते देवाला ठाऊक. आडनावाप्रमाणे नाही, गटाप्रमाणे नाही, बहुतेक ज्या दिवशी ज्याचा पंचनामा भरला त्या क्रमाने. आमच्या गावात पाटील, चौधरी आणि महाजन वगळले तर उरतात किती? म्हणजे चारशे नावांत आपलं नाव शोधायचं ते बोटाने, वरून खाली, बाराही पानं. आबांचं नाव सातव्या पानावर सापडलं. नाव बरोबर, गट बरोबर, क्षेत्र ०.८० बरोबर, आणि क्रमांकाच्या जागी रेघ.

सेवा केंद्रातला पोऱ्या म्हणाला, "भाऊ, नंबर आणा, नंबराशिवाय पुढचं पान उघडतच नाही." भाऊसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, आमच्याकडून सगळं वर गेलंय, यादी लावली आहे, तिच्यात बघा. तालुक्याच्या कचेरीत गेलो. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "क्रमांक नसेल तर शेरा असेल." शेरा कुठे? "यादीत." यादीत शेऱ्याचा रकानाच नाही. "असतो." परत गाव, परत भिंत. शेरा नाही. मी फोटो काढून परत कचेरीत. बाईंनी फोटो बघितला, म्हणाल्या ही यादी अपुरी आहे, पूर्ण यादी चावडीवर आहे. मी म्हटलं ही चावडीवरचीच आहे. त्या म्हणाल्या, "मग तिथेच असणार." असे पाच हेलपाटे. चौथ्या हेलपाट्याला माझा आवाज चढला, तोही त्या बाईंवर, ज्यांचा काहीच दोष नव्हता. मागे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी माझा दंड धरून सांगितलं, "शांत राह्य रे भो, आपलंच काम हाये."

त्या चौथ्या खेपेची तारीख पक्की लक्षात आहे, २० जुलै. सकाळी साडेदहाच्या सुमारास रांगेतले सगळे मोबाईल एकदम कर्कश्श ओरडायला लागले. पडद्यावर आपत्कालीन इशारा. एका बाईच्या हातून पिशवी पडली. वाचलं तर दूरसंचार विभागाची चाचणी होती. आणि त्याच सकाळी टीव्हीवर रायगडमधल्या इर्शाळवाडीची बातमी चालू होती, आदल्या रात्री वाडीवर डोंगर आला होता. रांगेत कोणीतरी पुटपुटलं, हा भोंगा काल रात्री तिथे वाजायला हवा होता. मला तेव्हा ते पटलं. पण भोंगा वाजला तरी त्यापुढे काय वाचायला मिळतं, माणसाने उठून कुठे जायचं, हे त्यात असणार का, हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. आमच्याकडे पावसाळ्यात बातमी येते की हतनूर धरणाच्या ४१ दरवाजांपैकी इतके उघडले, इतके क्युसेक पाणी तापीत सोडलं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. काठावरच्या माणसाला हे ऐकून काय कळतं? त्याला हवं असतं की पाणी महादेवाच्या घाटाच्या कितव्या पायरीला लागेल आणि मोटर आज रात्री काढायची की उद्या.

असो, यादी.

तेविसाव्या दिवशी मी चावडीच्या मागच्या बाजूला गेलो, तेही कुठल्या हुशारीने नाही, पाण्याच्या टाकीवर तोंड धुवायला. मागच्या भिंतीवर आणखी पानं चिकटवलेली होती. त्यांच्यावर नाव नाही, गाव नाही, मथळा नाही. एकच अरुंद रकाना, बाकी पान कोरं. बऱ्याच ओळी रिकाम्या, मध्येच 'आधार जुळत नाही', मध्येच 'मयत, वारस नोंद', मध्येच 'सामाईक, संमतीपत्र'. पावसाने दोन पानांची शाई ओघळली होती. गावातल्या लोकांना वाटत होतं ही कुठली तरी जुनी निवडणुकीची कागदं आहेत.

मी तोंड न पुसता तिथेच उभा राहिलो. हा प्रकार मी दुकानात शेकडो वेळा केलेला आहे! एक्सेलची शीट रुंद असली आणि तशीच प्रिंट मारली की मशीन आधी डाव्या बाजूची सगळी पानं काढतं आणि मग उरलेला उजवा रकाना वेगळ्या पानांवर. चोवीस पानांचा गठ्ठा झाला, कोतवालाने बारा पुढे लावली, जागा संपली म्हणून बारा मागे लावली. त्याची काय चूक? पानांवर नंबरही नव्हते.

पण आता आबांची ओळ कोणती? मागची पानं उलटसुलट लागलेली. मग मला एक गोष्ट सुचली आणि तिचा मला अजून अभिमान आहे. ज्यांचं नाव लांब होतं ते दोन ओळींत मोडलं होतं, त्यामुळे तेवढी ओळ जाड झाली होती. सातव्या पानावर तिसरी, अकरावी आणि बारावी ओळ जाड होती. मागच्या भिंतीवर तीन, अकरा, बारा अशा जाड ओळींचं पान शोधलं. सापडलं, टाकीच्या अगदी वर. आबांची ओळ एकोणिसावी. बोट ठेवून मोजत खाली आलो.

'सामाईक, संमतीपत्र.'

एवढंच. सातबाऱ्यावर आबा आणि काका दोघांची नावं आहेत, काका सुरतला असतात, त्यांनी पैसे आबांना द्यायला हरकत नाही असं लिहून द्यायचं होतं. फोन केला, काकांनी आठवड्याभरात कागद करून आणला, स्वतः, सुरत-भुसावळ पॅसेंजरने, येताना नातवंडांना घारीही आणली. क्रमांक मिळाला, आबांचा अंगठा दुसऱ्या झटक्यात उमटला (केळीच्या चिकाने काळी पडलेली बोटं लिंबाने घासून न्यायची, नाहीतर मशीन घेत नाही), पावती आली. केंद्रात याचे पैसे द्यायचे नसतात, मागितले तर विचारा कशाचे.

त्याच रात्री मी दुकानात बसून पुढच्या आणि मागच्या भिंतीचे फोटो जुळवून यादी नव्याने टाइप केली. आडनावाप्रमाणे लावली, शेरा नावाच्या शेजारीच, ठळक अक्षरात, आणि प्रत्येक शेऱ्याखाली एक ओळ: कोणता कागद, कोणाकडे. अक्षर चौदा पॉइंट. अडकलेले आमच्यासह सत्तावीस जण निघाले. भाऊसाहेबांना दाखवली तर ते दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "वरून आली तशी लावली हो." मूळ यादीवर खाडाखोड नको म्हणून माझी यादी शेजारी लावायची परवानगी त्यांनी दिली. त्यांच्याकडे असलेल्या फाइलमध्ये पानाच्या रुंदीत बसवायचं एक बटण असतं, तेही दाखवून आलो. तीन क्लिक.

भरपाईच्या दरांबद्दलही तेच. २०२३ च्या मार्चमधल्या सरकारी निर्णयाने बहुवार्षिक पिकाला हेक्टरी २२,५०० रुपये, २ हेक्टरपर्यंत. २०२४ च्या जानेवारीत ते ३६,००० आणि ३ हेक्टर झाले, २०२५ मध्ये परत खाली आले. आपलं नुकसान कोणत्या निर्णयात बसतं हे यादीच्या वर एका ओळीत छापलं तर निम्मी भांडणं मिटतील. आम्हाला ८० आरचे १८,००० मिळाले, म्हणजे झाडामागे पाच रुपये. ते कमी आहेत, पण त्यावर माझी तक्रार वेगळी आहे आणि ती इथे नको.

पैसे दिवाळीच्या तोंडावर आले. तेही आमच्या बँकेत नाही, तर आबांनी कधीकाळी सिमकार्ड घेताना दुकानदाराने उघडून दिलेल्या एका खात्यात, कारण आधार शेवटचं तिथे जोडलं गेलं होतं. अंगठा लावायच्या आधी आधार कोणत्या खात्याला जोडलेलं आहे ते तपासून घ्या, हे मी खरं तर वरच सांगायला हवं होतं.

मेसेज इंग्रजीत होता. आबांनी मोबाईल माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "हा हो म्हणतोय का नाही म्हणतोय?"