वीस गुंठे, एक गोणी युरिया आणि चार टन शेण

शेणखत की युरिया, हा वाद आमच्या वाडीत दर मे महिन्यात रंगतो आणि पाऊस लागला की विरतो. तेव्हा जे हाताशी असेल ते जो तो टाकतो. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वर तालुक्यातला. भाताचं क्षेत्र वीस गुंठे, तेही उतारावरच्या लहान लहान खाचरांत. बैल होते तोवर खताची वेगळी काळजी नव्हती. बैल गेले, पावर टिलर आला आणि उकिरडा दरवर्षी आटत गेला. कमी पडेल ते युरियाने भरून काढायचं, असं कुणी न ठरवताच ठरून गेलं.

फरक जाणवायला लागला तो भात कापल्यावर. वालासाठी नांगरट करताना ढेकळं फुटेनात, ओल लवकर उडायला लागली. म्हणून मे महिन्यात मातीचा नमुना दिला. प्रत्येक खाचरात इंग्रजी व्हीच्या आकाराचा वीतभर खड्डा, त्याच्या कडेची माती खरवडायची, सगळी एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. पत्रिका आली: सामू (पीएच) साडेपाचच्या जवळ, म्हणजे माती आम्ल, आणि स्फुरद (फॉस्फरस) कमी. जांभ्याच्या मातीत हे ठरलेलंच. लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात, पिकाच्या वाट्याला थोडं येतं. शेणखत, पाला कुजताना जी आम्लं सुटतात, ती ही पकड जरा सैल करतात. नुसती खताची मात्रा वाढवून ते काम होत नाही.

आता हिशेब बघा. कोकणात भाताला हेक्टरी 100 किलो नत्राची (नायट्रोजनची) शिफारस आहे, म्हणजे माझ्या वीस गुंठ्यांना 20 किलो. युरियाच्या 45 किलोच्या एका गोणीत ते सगळं बसतं. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का, म्हणजे तेवढ्यासाठी चार टन हवं. गोठ्यात एक गाय आणि तिचं वासरू! ‘रासायनिक पूर्ण बंद’ म्हणणाऱ्यांनी आधी डोक्यावर पाटी घेऊन आमच्या खाचरापर्यंत उतरून दाखवावं. पण गोणीतून मातीला सेंद्रिय कर्ब मिळत नाही, हेही तितकंच खरं. म्हणून दोन्ही घ्यायचं ठरवलं.

शेणखत होतं तेवढं वरच्या, हलक्या खाचरांना दिलं, तेही पूर्ण कुजलेलं. कच्चं शेण टाकलं की तण आणि मुळं खाणारी हुमणीची अळी फुकट येतात.

बाकीच्यासाठी गिरिपुष्प, ज्याला आमच्याकडे उंदीरमारीही म्हणतात. डॉ. नारायण सावंत यांच्या भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीतलं हे एक सूत्र: गुंठ्याला 30 किलो हिरवा पाला, चिखळणीच्या आधी. माझी झाडं कुंपणाला होती. फांद्या तोडून खाचरात पसरायच्या, पाच-सहा दिवसांत पानं आपोआप गळतात, मग काटक्या उचलायच्या आणि चुलीला न्यायच्या. ऐकायला सोपं. काकी बांधावर उभी राहून म्हणाली, “पाला टाकतोस खरा, पण काटक्या वेचणार कोण? लावणीच्या बायका तुझ्या नावानं शंख करतील.” त्यांनी तो केलाच. राहिलेली प्रत्येक काटकी कुणाच्या तरी तळव्याला सापडली. पण चिखल बघायला मिळाला तो वेगळा: काळपट, लोण्यासारखा मऊ, पाय टाकला की बुडबुडे आणि कुजक्या पाल्याचा उग्र वास. रोप रोवायला अंगठ्याचा जोर लागत नव्हता.

तरव्यात, म्हणजे भाताच्या रोपवाटिकेत, पालापाचोळा (राब) जाळून जमीन भाजायच्या भाजावळीऐवजी गादीवाफ्यावर तुसाची काळी राख मिसळली. सिलिकामुळे रोपं कणखर होतात, हे वाचलं होतं. प्रत्यक्षात आवडलं ते असं, की रोपं उपटताना मुळं तुटली नाहीत. काकीला मात्र राब भाजल्याशिवाय तरवा तरवा वाटत नाही. तिच्या एका कोपऱ्यात अजून भाजावळ होते. होऊ दे.

खरा प्रश्न युरियाचा. आमच्याकडे जुलैत पाणी बांधावरून खालच्या खाचरात आणि तिथून पऱ्यात, म्हणजे ओढ्यात जातं. फोकलेलं, म्हणजे हाताने वरून फेकलेलं खत त्याच्याबरोबर जातं. खत माझं, पीक खालच्याचं. म्हणून निम्म्या क्षेत्रात युरिया आणि डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) यांच्या दाबून केलेल्या गोळ्या वापरल्या. लावणीची दोरी 15 आणि 25 सेंटिमीटरवर आलटून पालटून खुणा केलेली, जवळच्या चार चुडांच्या (रोपांच्या जुड्यांच्या) मधोमध एक गोळी, चिखलात सात ते दहा सेंटिमीटर खोल. गोळी 2.7 ग्रॅमची, गुंठ्याला 625. वीसच्या वीस गुंठे केले असते तर साडेबारा हजार गोळ्या, वाकून, पावसात! लावणी झाली त्याच दिवशी हे उरकायचं असतं, कारण नंतर खाचरात पाय टाकला की गोळी हलते. नत्र जवळजवळ चाळीस टक्के कमी लागतं, पण कंबर तेवढीच जास्त लागते. उरलेल्या खाचरांत युरिया तीन हप्त्यांत, पाणी बांधून धरून दिला.

पहिल्या वर्षी दाण्यात डोळ्यात भरेल असा फरक नव्हता. गोळीच्या खाचरांचा हिरवा रंग मात्र एकसारखा राहिला, फोकलेल्यांत पट्टे दिसत होते. वालाच्या नांगरटीला पाल्याच्या खाचरांत ढेकळं हाताने चुरली जात होती, आणि ते पुढच्या वर्षी अजून बरं झालं. पेंढा गाडायचाही विचार होता, पण तो कुजताना सुरुवातीला नत्र स्वतःच खातो आणि शिवाय गाईला हवा असतो, म्हणून सोडला.

आता अडचण पाल्याची आहे. वीस गुंठ्यांना सहाशे किलो लागतो, कुंपण तेवढं देत नाही. या पावसात बांधावर गिरिपुष्पाची छाट कलमं लावली आहेत, मनगटाएवढी जाड, पुरुषभर उंच. खालच्या खाचरवाल्यानेही दहा मागून नेली.